दिवाळीचा किल्ला मोडू नका, त्यावर डाव मांडा

भाऊबीज उलटली की गल्लोगल्लीचे किल्ले ओस पडतात. चिखलात हात घालून बुरूज उभारलेले असतात, पोत्यावर माती थापून डोंगर केलेला असतो, हळीव पेरून हिरवळ उगवलेली असते. बाजारातून एकेक निवडून आणलेले मावळे दरवाज्यात, तटावर, भुयाराच्या तोंडाशी उभे असतात. पण ते जागचे हलत नाहीत. पोरं दोन दिवस कौतुकानं बघतात, शेजारपाजारचे येऊन जातात, आणि शाळा सुरू व्हायच्या आत कुणीतरी सगळं मोडून माती कडेला लोटतं.

मला याचं मनापासून वाईट वाटतं. म्हणून पाथर्डी तालुक्यातल्या आईबापांना, गुरुजींना, बाईंना आणि कॉलेजात जाणाऱ्या पोरापोरींना माझं कळकळीचं सांगणं आहे की यंदा तो किल्ला राहू द्या आणि त्यावरचे मावळे हलवा. त्यांच्यासमोर दुसरी तुकडी उभी करा आणि चकमकीचा खेळ खेळा.

हा खेळ जगात बऱ्याच ठिकाणी खेळला जातो. दोघंजण समोरासमोर बसतात. प्रत्येकाकडे आठ-दहा सैनिकांच्या छोट्या मूर्ती असतात. मधे टेबलावर किंवा जमिनीवर टेकड्या, भिंती, झुडपं, एखादं घर मांडलेलं असतं. बुद्धिबळाच्या पटासारखी घरं आखलेली नसतात. कोण किती चालला ते पट्टीनं मोजायचं, बाण लागला की हुकला ते फाशानं ठरवायचं. एक मूर्ती म्हणजे एक माणूस, हे यातलं मुख्य सूत्र. प्रशियाच्या सैन्यात १८२४ च्या सुमारास अधिकाऱ्यांना नकाशावर फासे टाकून लढाईचा सराव करायला लावत. एच. जी. वेल्स या इंग्रज कादंबरीकारानं १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ नावाचं पुस्तक लिहून खेळण्यातले सैनिक घेऊन घरात खेळायच्या लढाईचे नियम छापले, आणि खऱ्या युद्धापेक्षा हे खेळातलं युद्ध किती बरं, हेही त्यातच निक्षून सांगितलं. आपल्या नगरला आर्मर्ड कोअरचं केंद्र आहे. मातीत-वाळूत भूभाग उभारून त्यावर डावपेच समजावण्याची रीत लष्करात आजही आहे. तेव्हा हा पोरखेळ आहे असं समजून कुणी बाजूला सारू नये.

परदेशात यासाठी २८ मिलिमीटर उंचीच्या मूर्ती मिळतात, ‘सागा’ किंवा ‘लायन रॅम्पंट’सारखी नियमांची पुस्तकं मिळतात, आणि ‘मध्ययुगीन’ म्हटलं की त्यात बहुतेक वेळा चिलखत घातलेले युरोपी सरदार असतात. कुणाला हौस असेल त्यानं ते जरूर मागवावं. पण सुरुवात तिथून करू नका. टपालखर्च आणि जकात धरून दहा मूर्तींना जे पैसे पडतात, त्यात अख्ख्या वर्गाचा खेळ उभा राहतो. शिवाय आपल्या इतिहासाच्या पुस्तकात मध्ययुग पार मराठेशाहीपर्यंत येतं, आणि त्या काळातली एक मोठी लढाई तर आपल्या शेजारीच झाली आहे.

ती लढाई भातवडीची, १६२४ सालची. गावाला आज आपण भातोडी म्हणतो, ते नगर तालुक्यात आहे. पाथर्डीहून नगर पन्नासएक किलोमीटर. करंजी घाट ओलांडून पुढं गेलं की डोंगरावर सलाबतखानाची ती तीन मजली कबर दिसते, जिला आपण सगळे चांदबीबीचा महाल म्हणतो. त्याच मुलखात मोगल आणि आदिलशाही अशा दोन फौजा मिळून निजामशाहीवर चालून आल्या होत्या. निजामशाहीचा कारभार होता मलिक अंबराच्या हाती. हा हबशी, आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेलेला, आणि दख्खनच्या राजकारणात भल्याभल्यांना भारी पडलेला माणूस. त्याच्या बाजूनं शहाजीराजे आणि त्यांचे धाकटे भाऊ शरीफजीराजे लढत होते. समोर मोगलांच्या बाजूला लखुजी जाधवराव, म्हणजे शहाजीराजांचे सासरे. अंबरानं तलावाचं पाणी सोडून शत्रूच्या छावणीभोवतीच्या जमिनीचा राडा केला. त्यात पावसाची भर. दाणावैरण तुटली, रात्री-बेरात्री छावणीवर छापे पडू लागले, आणि शेवटी दोन्ही फौजांचा मोड झाला. आदिलशाही सेनापती मुल्ला महंमद लारी मारला गेला. इकडं शरीफजीराजे पडले. त्यांची समाधी भातोडीत आहे. खेळ मांडायच्या आधी पोरांना तिथं एकदा घेऊन जा. जमिनीचा उतार, पाण्याची जागा, गाव कुठं आणि उघडं रान कुठं, हे डोळ्यांनी बघितलेलं पोर घरी येऊन जी टेकडी मांडेल ती चुकणार नाही.

आता कुणी म्हणेल, एवढ्या मोठ्या लढाईला दहा मूर्ती कशा पुरतील? दहा मूर्तींत सगळी भातवडी मांडायचीच नाही. एका रात्रीचा एक छापा मांडायचा. आपला इतिहास अशा मूठभर माणसांच्या कामांनी भरलेला आहे. कोंडाजी फर्जंदानं १६७३ मध्ये पन्हाळा घेतला तो साठ माणसांनिशी, रात्रीच्या वेळी. सभासदाच्या बखरीत शिवकाळच्या पायदळाची रचना दिली आहे, ती दहा माणसांमागे एक नाईक अशी सुरू होते. पाच नाईकांवर हवालदार, त्यावर जुमलेदार, असं ते चढत जातं. म्हणजे सैन्याचा जो सगळ्यांत लहान भाग होता, तोच आपल्या एका खेळाडूची तुकडी. त्याहून जास्त मूर्ती नवख्याच्या लक्षातही राहत नाहीत. तेव्हा एक नाईक आणि त्याचे लोक मिळून दहा, असं ठरवून टाका.

मूर्ती तीन तऱ्हांनी जमवता येतात. पहिली तऱ्हा म्हणजे दिवाळीच्या बाजारातले मावळे. घेताना एकाच उंचीचे घ्या. आपल्याकडं सहा इंची तोफवाल्याशेजारी अडीच इंची भालदार उभा असतो. किल्ल्यावर ते खपतं, डावात खटकतं. रडतखडत उभा राहणारा मावळा घेऊ नका. दुकानातच फळीवर ठेवून बघा. दुसरी तऱ्हा कागदाची, आणि माझ्या मते नव्यानं सुरू करणाऱ्याला हीच सर्वांत चांगली. जुन्या लग्नपत्रिकांचा कागद जाड आणि ताठ असतो. त्यावर पाच सेंटिमीटर उंचीचा माणूस काढायचा, एका बाजूला त्याचं तोंड, मागच्या बाजूला पाठ, रंगवायचा, कापायचा आणि बाटलीच्या झाकणात मातीचा गोळा दाबून त्यात खोचायचा. एका संध्याकाळी दोन्ही बाजू तयार होतात. इंग्लंडात आजही कागदी सैनिकांची पुस्तकं छापतात आणि मोठी माणसं त्यांनी खेळतात, तेव्हा यात कमीपणा काही नाही. तिसरी तऱ्हा शाडूची. हातपाय मोडू नयेत म्हणून आत बांधकामावरची बारीक बायंडिंग वायर घाला. भाल्याला खराट्याची काडी चालते. तलवार मातीची करू नका, टिकत नाही. पत्र्याच्या किंवा जाड प्लॅस्टिकच्या पट्टीतून कापा आणि एम-सीलनं मुठीत बसवा. घोडे मात्र पहिल्या वर्षी करायला जाऊ नका. चार पायांवर उभा राहणारा घोडा करणं अवघड असतं आणि पोरांचा उत्साह तिथंच संपतो.

रंगकामाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण मूर्तीवर प्रेम बसतं ते रंगवताना. बाजारातला मावळा प्लास्टरचा असतो आणि प्लास्टर रंग पिऊन टाकतं. आधी फेविकॉलमध्ये पाणी मिसळून त्याचा एक पातळ हात द्या आणि वाळू द्या. मग पांढरा. शाळेतले पोस्टर कलर वापरलेत तर घामेजल्या बोटांनी ते निघतात, म्हणून ॲक्रिलिक घ्या. बारा छोट्या बाटल्यांचा संच गल्लीतल्या सगळ्या पोरांना पुरतो. आधी अंगाचा रंग, मग अंगरखा, चोळणा, कमरेचा शेला, मुंडासं, शेवटी हत्यार. सगळं वाळलं की तपकिरी रंगात भरपूर पाणी घालून तो वरून फिरवा. तो घड्यांमध्ये आणि बोटांच्या फटींत जाऊन बसतो, आणि सपाट दिसणारी मूर्ती एकदम जिवंत दिसू लागते. शून्य नंबरचा एकच ब्रश घ्या पण चांगला घ्या, आणि त्याचं टोक पाण्याच्या पेल्यात टेकवून ठेवू नका.

एक मुद्दा मी आग्रहानं मांडतो. सगळे मावळे एकाच भगव्या रंगात रंगवू नका. त्या काळी साध्या पायदळाला गणवेश नव्हता. कुणाचा अंगरखा मळखाऊ, कुणाचं मुंडासं लाल, कुणी उघडाच. दहा जण दहा तऱ्हेचे रंगवा. कोण कुठल्या बाजूचा हे कळावं म्हणून फक्त बैठकीची कड रंगवा, एका बाजूची पिवळी, दुसऱ्या बाजूची निळी. समोरच्या बाजूलाही तेवढ्याच मायेनं रंगवा. भातवडीला दोन्हीकडं मराठे होते, दोन्हीकडं मुसलमान होते, एका बाजूला जावई आणि दुसऱ्या बाजूला सासरा होता. एक बाजू देवांची आणि दुसरी राक्षसांची करून खेळलात तर हाती इतिहास लागणार नाही आणि खेळही कंटाळवाणा होईल. तसंच, शिवाजी महाराजांची मूर्ती डावात आणू नका. ती किल्ल्यावर सिंहासनावर असते तिथंच असू द्या. बाजीप्रभू, तानाजी यांनाही फाशांवर लावू नका. ज्यांची नावं बखरीत आली नाहीत असे कितीतरी पाईक, नाईक, बारगीर होते. आपला डाव त्यांचा असू द्या, आणि पोरांना त्यांची नावं ठेवू द्या.

जमीन मांडायला पाथर्डीसारखं ठिकाण नाही. ज्वारीच्या धाटांच्या बैलगाड्या करणारे हात अजून गावोगावी आहेत. त्याच धाटांच्या आणि भेंडाच्या झोपड्या, कूड, कुंपणं फार सुरेख होतात. नारळाचा काथ्या कातरला की वाळलेलं गवत. रांगोळीवाल्याकडचा रंगीत भुसा म्हणजे हिरवळ, पण आपल्याकडचं रान वर्षातले फार थोडे दिवस हिरवं असतं, तेव्हा पिवळा आणि मातकट भुसा जास्त घ्या. सुतारकामाच्या जागी थर्माकोल किंवा प्लायचे तुकडे मिळतात, ते एकावर एक चिकटवून कडा तासल्या की गर्भगिरीचे पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर तयार. तटबंदी कशी असते हे बघायला फार लांब जायची गरज नाही. मढीला कानिफनाथांच्या दर्शनाला आपण सगळे जातोच. पुढच्या वेळी पोरांना गडाच्या भिंती, दरवाजा आणि पायऱ्यांचं वळण नीट बघायला सांगा. वर चढणाऱ्याला कुठून कुठून मारता येईल, हे तिथं उभं राहून विचारा. उत्तरं ऐकून तुम्ही थक्क व्हाल.

आता नियम. परदेशी पुस्तकांत पानंच्या पानं नियम असतात. आपल्याला एक पान पुरतं. मापासाठी प्रत्येक कंपासपेटीत असते ती पंधरा सेंटिमीटरची पट्टी घ्या. सहा पट्ट्या लांब, सहा पट्ट्या रुंद एवढी जागा हवी. पायी माणूस एका पाळीत एक पट्टी चालतो. चढावर, झुडपात, चिखलात अर्धी. एका खेळाडूनं आपली एक मूर्ती हलवायची, मग दुसऱ्यानं त्याची एक, असं दहाही होईपर्यंत. ती झाली एक पाळी. एकानं आपले दहाच्या दहा हलवून मग दुसऱ्याला वाट द्यायची, अशीही रीत आहे, पण त्यात समोरचं पोर बसून बसून कंटाळतं आणि उठून जातं.

तुकडीत पाच ढाल-तलवारवाले, दोन भालेकरी, एक तिरंदाज, एक बंदूकवाला आणि नाईक ठेवा. तीर तीन पट्ट्यांपर्यंत पोचतो, फाशावर पाच किंवा सहा पडले तर लागतो, आणि समोरचा भिंतीआड असेल तर सहालाच. बंदूक तोड्याची, म्हणजे पेटत्या वातीनं उडवायची आहे. तीही तीन पट्ट्या, पण चार, पाच, सहा यांपैकी काही पडलं तरी लागते. आडोसा असेल तर पाच-सहाला. मात्र एकदा उडवली की पुढची अख्खी पाळी ती ठासण्यात जाते. बंदूक जोरात लागते पण वेळ खाते, हे पोराला व्याख्यानाशिवाय कळतं.

हातघाईला दोघांनी एकेक फासा टाकायचा. ज्याचा आकडा मोठा तो सरस. एकानं जास्त असेल तर हरणारा तीन बोटं मागं हटतो, दोन किंवा अधिकानं जास्त असेल तर तो पडतो. बरोबरी झाली तर दोघं तिथंच भिडलेले राहतात. आकड्यात भर कशाची? नाईक असेल तर एक, उंचावर किंवा तटावर उभा असेल तर एक, दोघांनी मिळून एकाला गाठलं असेल तर एक, भालेकऱ्याला पहिल्या धडकेत एक.

ही एकाची भर किरकोळ वाटते, पण कागद-पेन्सिल घेऊन बसा. दोन फाशांच्या ३६ शक्यता. भर नसताना तुमचा माणूस समोरच्याला १० शक्यतांत पाडतो आणि १० शक्यतांत स्वतः पडतो. तो नुसता एक पायरी वर उभा राहिला की त्या १० च्या १५ होतात आणि त्याच्या पडण्याच्या १० च्या ६ होतात. किल्ले डोंगरावर का बांधले, हे एवढ्या आकडेमोडीत दिसतं. गणिताच्या गुरुजींनी हे फळ्यावर करून दाखवावं, अशी माझी विनंती आहे. संभाव्यता हा धडा कधी नव्हे तो पोरांना हवाहवासा वाटेल.

आणि सर्वांत महत्त्वाचा नियम धीराचा. बरीच पोरं तो गाळायला बघतात, तुम्ही गाळू देऊ नका. निम्मे लोक पडले की त्या खेळाडूनं दर पाळीच्या सुरुवातीला दोन फासे टाकायचे. नाईक उभा असेल तर बेरीज सात किंवा जास्त हवी, नाईक पडला असेल तर नऊ किंवा जास्त. तेवढी आली नाही तर तुकडी माघार घेते आणि डाव संपतो. सात किंवा जास्त ३६ पैकी २१ वेळा येतं, नऊ किंवा जास्त फक्त १० वेळा. खरी माणसं शेवटच्या थेंबापर्यंत लढतच राहतात असं सिनेमात दिसतं. प्रत्यक्षात म्होरक्या पडला की फौजा मोडत, आणि म्हणूनच म्होरक्याला जपणं हे अर्धं युद्ध असे. ज्या पोरानं आपला नाईक शौर्याच्या भरात पुढं काढला आणि गमावला, ते पोर पुढच्या डावात त्याला कुठं उभं करतं ते बघा.

पहिला डाव म्हणून भातवडीचा एक रात्रीचा छापा मांडून देतो. ही नेमकी रात्र माझ्या कल्पनेतली आहे, पण अंबराच्या लोकांचे असे छापे, तो चिखल आणि तो पाऊस हे सगळं खरं आहे. जमिनीच्या एका कडेपासून एक पट्टी आत तीन राहुट्या लावा, जुन्या रुमालाच्या. त्यांच्याभोवती दीड पट्टी रुंदीचा चिखलाचा पट्टा, तपकिरी कापडाचा. त्या चिखलातून एकाच जागी एक कोरडा बांध जातो, दोन मूर्ती शेजारी शेजारी मावतील एवढाच. छावणीवाल्याचे तीन जण पहाऱ्यावर, सात राहुट्यांत झोपलेले. छापा घालणारे दहाही समोरच्या कडेवरून येतात. अंधार आहे, म्हणून दीड पट्टीपलीकडचं कुणाला दिसत नाही आणि तीरही त्याच्यापुढं मारता येत नाही. पाऊस आहे, तोडा विझलेला आहे, म्हणून त्या रात्री बंदुका नाहीत, बंदूकवाले तलवारीनं लढतील. छाप्याचा माणूस पहारेकऱ्याच्या एका पट्टीत आला किंवा कुठंही हातघाई झाली की हाकाटी होते. त्यानंतर दर पाळीला प्रत्येक झोपलेल्यासाठी फासा टाका, चार किंवा जास्त पडला की तो जागा होऊन बाहेर येतो. छापा घालणाऱ्यानं राहुटीला भिडून एक पूर्ण पाळी उभं राहायचं, म्हणजे तणावे कापले गेले. तीनपैकी दोन राहुट्या पाडून दहा पाळ्यांच्या आत निदान सहा माणसं आल्या कडेनं परत गेली, तर छापा जिंकला. नाहीतर छावणी.

यात गंमत बांधाची आहे. बांधानं गेलं तर लवकर पोचतं, पण पहारेकरी तिथंच बघत असतो. चिखलातून गेलं तर दिसत नाही, पण परत निघताना पाय अडकतात. छावणीवाल्याला तीनच माणसं कुठं उभी करायची हा पेच. दोघांनाही सोपा रस्ता नाही, आणि चांगल्या डावाची हीच खूण असते. हा डाव अंगवळणी पडला की चांदबीबीनं नगरचा किल्ला लढवला तो वेढा मांडा. १५९५-९६ च्या त्या वेढ्यात मोगलांनी सुरुंग लावून नगरच्या किल्ल्याच्या तटाला खिंडार पाडलं आणि किल्ल्यातल्या लोकांनी ते रातोरात बुजवलं. एका बाजूचे पाच जण खिंडारात उभे, पाच जण मागं दगड रचताहेत, समोरून लोंढा येतोय. आणि हा डाव खेळताना किल्ल्याच्या बाजूला मुलींना बसवा. किल्ला करायची वेळ आली की मुलींना रांगोळीकडं पाठवायचं, हे आता थांबवलं पाहिजे.

घरातल्या थोरामोठ्यांना फासे बघून शंका येईल, त्यांचाही मान राखून बोलतो. फासा म्हणजे जुगार ही भीती उगाच नाही, गावानं जुगारात संसार गेलेले पाहिले आहेत. म्हणून पहिल्या दिवसापासून दंडक घाला: पैसा, पैज, वस्तू काहीही लावायचं नाही. आजोबांना बाजूला न बसवता पंच करा. खंडोबा आणि म्हाळसेच्या सारीपाटाच्या गोष्टी ज्यांनी जागरणात ऐकल्या आहेत, त्यांना फाशाचा खेळ परका नाही. पंच हवाच असतो, कारण ‘दिसतंय’ आणि ‘दिसत नाही’ यावरून भांडणं होतातच.

आणखी एक विनंती शिक्षकांना, आणि ती मला सगळ्यांत जवळची आहे. आपल्या तालुक्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कुटुंबंच्या कुटुंबं निघतात. काही पोरं बरोबर जातात, काही आजी-आजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात मागं राहतात. सगळ्या गावात किल्ले उभे असतात तेव्हा त्यांच्या घराला कुलूप असतं. त्या पोरांच्या संध्याकाळी फार लांब असतात. या खेळाला वीज लागत नाही, मोबाईल लागत नाही, मैदान लागत नाही. चार-चार पोरं एका बाजूला बसली, प्रत्येकाला दोन-तीन मूर्ती दिल्या, तर आठ जणांची संध्याकाळ जाते. खोड्या करणाऱ्या पोराला नाईक करा.

डाव संपला की दोन्ही बाजूंच्या एकेका पोराला त्या लढाईची बखर लिहायला सांगा, एक पान पुरे. दोन्ही पानं मोठ्यानं वाचून घ्या. एकाच टेबलावर, एकाच संध्याकाळी झालेल्या चकमकीच्या दोन हकीकती किती वेगळ्या निघतात ते त्यांनाच ऐकू द्या. मग त्यांना सांगा की भातवडीचं वर्णन नेवाशाच्या कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारता’तही येतं, आणि ते काव्य भोसल्यांच्या बाजूनं लिहिलेलं आहे. दुसऱ्या बाजूच्या दरबारी लेखकांनी काय लिहिलं असेल, हा प्रश्न पोरं आपणहून विचारतील. आणि लगेच बाजू बदलून तोच डाव पुन्हा मांडा. छापा घालणाऱ्यानं आता छावणी राखायची.

वसतिगृहासाठी किंवा शाळेसाठी पेटी करायची तर बुटाचं खोकं घ्या. त्यात वीस मूर्ती, प्रत्येक जुन्या सुती कापडात गुंडाळलेली, चार फासे, दोन पट्ट्या, तीन राहुट्या, चिखलाचं कापड, पुठ्ठ्याच्या घडीच्या चार भिंती आणि फेविकॉलची छोटी बाटली, कारण भाले मोडणारच. वर सांगितलेले नियम मोठ्या अक्षरात एका कागदावर लिहा आणि झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा, म्हणजे पोरांना दर वेळी कुणा मोठ्या माणसाला शोधत फिरावं लागणार नाही.